उडालेलं नत्र आणि अडकलेलं नत्र : शून्य मशागतीच्या एका गव्हाचं प्रकरण

मी शेतावर पोचलो तेव्हा गहू बेचाळीस दिवसांचा होता आणि शेतकऱ्याचा निर्णय जवळपास झालेला होता. "साहेब, पुढच्या वर्षी नांगर घालतो. तीन वर्षं तुमचं ऐकलं, नांगर बाजूला ठेवला. माती सुधारली, मान्य आहे. पण गहू बघा. शेजाऱ्याच्या नांगरटीच्या गव्हाला जेवढा युरिया, तेवढाच माझ्या गव्हाला. त्याचा काळाभोर आणि माझा पिवळा."

गहू पिवळा होता हे खरंच. पण बांधावरून एकसारखा दिसणारा तो पिवळेपणा आत शिरल्यावर एकसारखा नव्हता. नत्र एकाच वाटेनं जात नाही. वाट ओळखल्याशिवाय केलेला उपाय दुसऱ्याच दुखण्यावरचं औषध ठरतो. म्हणून हे प्रकरण तपशिलात मांडतो आहे. शून्य मशागत करणाऱ्या बऱ्याच जणांवर तिसऱ्या-चौथ्या वर्षी हीच वेळ येते, आणि चांगली तयार होत आलेली जमीन पुन्हा फाळाखाली जाते.

आधी शेताची माहिती. क्षेत्र आठ हेक्टर, माती चिकण पोयट्याची, सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्क दाखवणारा आकडा) ७.९. आधीचं पीक गहूच. हार्वेस्टरनं काढलेला, काड शेतातच ठेवलेलं. पेरणी थेट काडातून, शून्य मशागतीच्या पेरणीयंत्रानं. पाणी तुषार संचाचं, पाळीपाळीनं. हेक्टरी १२० किलो नत्र द्यायचं ठरलेलं. त्यातलं ४० किलो पेरताना बियाच्या बाजूला मातीत, ४० किलो मुकुटमुळं (खोडाच्या बुडाशी येणारी मुळं) फुटायच्या वेळी आणि उरलेलं ४० कांडी धरताना. नंतरचे दोन्ही हप्ते युरियाचे, वरून फोकून. युरियात ४६ टक्के नत्र असतं, म्हणजे प्रत्येक हप्त्याला हेक्टरी ८७ किलो युरिया. पहिला वरखताचा हप्ता देऊन झाला होता, दुसरा आठवड्याभरात द्यायचा होता. शेतकऱ्याच्या मनात तो दीडपट करायचा होता. मी फक्त एवढंच म्हटलं की, दोन दिवस थांबा.

गळक्या सांध्याभोवतीचा हिरवा गोल

नत्राची कमतरता आहे की आणखी काही, हे आधी पाहिलं. पिवळेपणा खालच्या जुन्या पानांवर होता, टोकाकडून देठाकडे सरकत आलेला. वरची कोवळी पानं फिकट असली तरी पिवळी नव्हती. गंधक कमी पडलं असतं तर उलट दिसलं असतं, कारण गंधक जुन्या पानातून नव्या पानात सहज जात नाही, नत्र जातं. फुटवे कमी होते. मुळं पांढरी, निरोगी. फक्त सखल कोपऱ्यातली मुळं तशी नव्हती, त्याकडे नंतर येतो.

मग शेत आडवं चालायला लागलो. दहा-बारा मिनिटांत लक्षात आलं की पिवळ्यातही पट्टे आहेत. सगळा गहू फिकट, पण ठरावीक अंतरावर त्याहून पिवळा, बुटका पट्टा. पावलांनी मोजलं तर दर सहा पावलांवर एक. शेतकऱ्याला विचारलं, हार्वेस्टरचा पट्टा केवढा होता? तो थोडा वेळ त्या पट्ट्यांकडे बघत राहिला आणि म्हणाला, "एवढाच." हार्वेस्टरच्या मागचं काड पसरवणारं यंत्र त्या हंगामात नीट चालत नव्हतं. काड रुंदभर पसरायचं ते मधोमध ओळीनं पडलं होतं. पट्ट्यात हात घातला तर बोटभर जाडीचा थर लागला. पट्ट्याबाहेर माती अधूनमधून दिसत होती.

पण पट्ट्याबाहेरचाही गहू फिकट होता, त्याचं कारण काड एवढंच सांगता येत नव्हतं. त्याचा धागा सापडला तो तुषारच्या पाइपाजवळ. शेताच्या मध्यावर एका सांध्याभोवती चार-पाच पावलांचा गोल हिरवागार होता. शेजारच्या नांगरटीच्या गव्हासारखा. "तो सांधा गळत होता," शेतकरी म्हणाला. "युरिया टाकला त्या दिवशी दिवसभर गळला, दुसऱ्या दिवशी रबर बदललं." त्याच्या मते ही हिरवळ जास्तीच्या पाण्याची होती. पण पाणी बाकीच्या शेतालाही मिळालंच होतं, सहाव्या दिवशी, पाळी आल्यावर. बेचाळिसाव्या दिवशी खुरपीनं उकरलं तर ओल गोलात आणि गोलाबाहेर सारखीच होती. फरक एकच होता. त्या गोलात पाणी युरियाबरोबर आलं, बाकी शेतात युरियानंतर सहा दिवसांनी.

मग त्या सहा दिवसांची हकीकत विचारली. युरिया सकाळी लवकर फोकला होता, मुद्दाम दवात, म्हणजे दाणा लगेच विरघळेल. त्या रात्री भुरभुर पाऊस झाला, काड भिजलं, माती नाही. त्यानंतर सलग चार दिवस स्वच्छ ऊन आणि वारा. चांगल्या हेतूनं, काळजीपूर्वक केलेल्या प्रत्येक गोष्टीनं नत्र उडायला मदतच केली होती.

दाण्याचं त्या सहा दिवसांत काय झालं

युरियाचा दाणा जसाच्या तसा पिकाच्या फारसा उपयोगाचा नसतो. आधी युरिएज नावाचं विकर (एन्झाइम) त्याला फोडतं. हे विकर मातीत असतं, जिवाणूंत असतं, वनस्पतींत असतं. १९२६ मध्ये जेम्स समनर यांनी एका शेंगवर्गीय बियातून ते स्फटिकरूपात वेगळं काढलं आणि विकरं ही प्रथिनं असतात हे त्यावरून पहिल्यांदा दिसलं. पुढे १९४६ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. आपल्या कामाची गोष्ट अशी की हे विकर मातीपेक्षा काडावर आणि कुजत्या अवशेषांवर कितीतरी पट जास्त सापडतं. नांगरलेल्या शेतात दाणा मातीवर पडतो. इथे तो विकरानं भरलेल्या चटईवर पडला.

युरिया फुटला की अमोनियम कार्बोनेट तयार होतं आणि दाण्याभोवतीचा सामू झपाट्यानं चढतो. जमिनीचा सामू ७.९ असला तरी त्या दाण्याच्या भोवती काही दिवस तो ९ च्या आसपास जाऊ शकतो. खरी गोम इथे आहे. अमोनियम हा मातीच्या कणाला चिकटणारा आयन, अमोनिया हा उडणारा वायू, आणि दोघांचं प्रमाण सामू ठरवतो. पंचवीस अंश तापमानाला सामू ७ असेल तर शंभर भागांत जेमतेम अर्धा भाग अमोनिया असतो. ८ ला पाच भाग. ९ ला छत्तीस. सव्वानऊच्या जवळ निम्मं निम्मं. सामू एक-दोन अंकांनी वाढला तर नत्र थोडंसं जास्त उडतं असं नाही, हिशेबच बदलतो.

मातीत हे घडलं तर चिकणमातीचे कण अमोनियमला धरतात, माती स्वतः सामूला आवर घालते, आणि वायू वर यायच्या आत वाटेत अडतो. काडावर घडलं तर धरायला कोणी नाही. काडाची सावली वारा आणि ऊन थोडं अडवते, ही जमेची बाजू आहे, पण ती एवढं नुकसान भरून काढत नाही.

दव आणि भुरभुर या दोन्ही गोष्टी सर्वांत वाईट का, ते आता दिसतं. दाणा विरघळायला आणि विकराला काम सुरू करायला थेंबभर ओल पुरते. विरघळलेला युरिया काडातून खाली मातीत न्यायला मात्र एका दमात १२ ते १५ मिलिमीटर पाणी लागतं, काड जाड असेल तर आणखी. दोन-तीन मिलिमीटरचा शिडकावा दाणा फोडतो आणि तिथेच ठेवतो. त्यावर वारा आणि ऊन आलं की ओल वर चढते, सुकते आणि अमोनिया घेऊन जाते. त्यापेक्षा पूर्ण कोरड्या काडावर पडलेला कोरडा दाणा बरा. तो निदान वाट बघत राहतो.

किती उडालं? या शेतात ते मोजलेलं नाही, त्यामुळे आकडा सांगणार नाही. हवामान बदलाच्या आंतरसरकारी मंडळाच्या २०१९ च्या सुधारित मार्गदर्शिकेत युरियातलं सरासरी १५ टक्के नत्र वायुरूपानं जातं असं धरलेलं आहे. ती सरासरी सगळ्या प्रकारच्या शेतांची आहे. ओलं काड, चढा सामू, वारा आणि उशिराचं पाणी एकत्र आलं तर तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत मजल जाऊ शकते. समजा तीस टक्के गेलं. हेक्टरी ४० किलोतलं १२ किलो नत्र, म्हणजे २६ किलो युरिया. आठ हेक्टरांत दोनशे किलोंहून जास्त युरिया हवेत, तोही एका हप्त्यातला.

थंडीत अमोनिया उडत नाही, ही समजूतही इथेच तपासून घ्यावी. थंडीत वेग कमी होतो, पण तो शून्य होत नाही. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात थंड जमिनीवर, हिवाळी गव्हात, वरून दिलेल्या युरियातून किती अमोनिया जातो हे शेतात मोजलं गेलं आणि काही वेळा तो मोठा निघाला. हळू फुटणारा युरिया पाण्याविना आठवडेच्या आठवडे वर पडून राहिला तर तोही हळूहळू जातो.

तीन बरण्या

हे सगळं सांगून शेतकऱ्याला पटलं नसतं आणि पटायची गरजही नव्हती. त्याच्याच घरातल्या तीन झाकणाच्या काचेच्या बरण्या घेतल्या. एकीत ओलसर काड, त्यावर युरियाचे वीस दाणे. दुसरीत त्याच शेतातली ओलसर माती, वर वीस दाणे. तिसरीत तीच माती, पण वीस दाणे दोन बोटं खोल गाडलेले. तिन्ही झाकणांना आतून तांबड्या लिटमस कागदाची ओली पट्टी चिकटवली आणि उबदार जागी ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी काडाच्या बरणीतली पट्टी निळी झाली होती. उघड्या मातीच्या बरणीतली कडेनं जांभळट. गाडलेल्या दाण्यांची तांबडीच. शेतकऱ्यानं काडाच्या बरणीचं झाकण काढून नाक जवळ नेलं आणि चटकन मागे घेतलं. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. बरणी पुन्हा बंद करत तो म्हणाला, "हा वास मला त्या आठवड्यात शेतात आला होता. मला वाटलं काड कुजतंय."

ही काही प्रयोगशाळेची चाचणी नव्हे. बरणीत वारा नाही, खोलवर माती नाही आणि वीस दाणे म्हणजे शेताच्या मानानं भरपूर झाले. पण कुठून उडतं आणि कशानं थांबतं, एवढं ती स्पष्ट दाखवते. काड ठेवून गहू पेरणाऱ्या प्रत्येकानं एकदा तरी हे करून बघावं असं मला मनापासून वाटतं. तिसऱ्या बरणीत शेताच्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर होतं.

पट्ट्यांचा पिवळेपणा वेगळा

काडाच्या जाड पट्ट्यांत अमोनिया उडालाच होता, कदाचित जास्तच. पण तिथे आणखी एक गोष्ट घडत होती आणि ती उडण्यापेक्षा वेगळी आहे. काड बाजूला सारल्यावर मातीला टेकलेल्या बाजूवर पांढऱ्या बुरशीचे धागे दिसत होते. म्हणजे कुजणं सुरू होतं, आणि कुजवणाऱ्यांनाही नत्र लागतं.

हिशेब मांडून बघू. पाच टन काडात साधारण ४२ टक्के कर्ब (कार्बन) धरला तर तो २१०० किलो होतो. नत्र अर्धा टक्का, म्हणजे २५ किलो. कर्ब आणि नत्राचं प्रमाण चौऱ्याऐंशीस एक. सूक्ष्मजीव त्यातला सुमारे एक तृतीयांश कर्ब स्वतःच्या शरीरात घेतात, बाकीचा श्वासावाटे सोडून देतात. शरीरात आला ७०० किलो. त्यांच्या शरीरात आठ भाग कर्बाला एक भाग नत्र लागतं, म्हणजे जवळपास ८७ किलो. काडात होतं २५. उरलेलं साठेक किलो ते मातीतून, म्हणजे आपल्या खतातून उचलणार. सगळं काड एका हंगामात कुजत नाही आणि वर पडलेलं तर फार सावकाश कुजतं. एक तृतीयांश कुजलं तरी वीसेक किलो नत्र हंगामापुरतं अडकलं. आणि हा झाला सारखं पसरलेल्या काडाचा हिशेब. पट्ट्यात काड त्याच्या दुपटी-तिपटीनं होतं.

पण हे नत्र गेलेलं नाही, शेतातच आहे. सूक्ष्मजीव मरतील, त्यांना दुसरे खातील आणि नत्र पुन्हा सुटेल, काही याच पिकाला उशिरा, बरंचसं पुढच्या पिकांना. उडालेलं नत्र आणि अडकलेलं नत्र पिकावर एकसारखंच दिसतं, पण एक खर्च आहे आणि दुसरी ठेव. नांगर घातला तर ही ठेव मोडते. शून्य मशागतीच्या पहिल्या काही वर्षांत ही ठेव भरत असते, म्हणून त्या काळात पिकाला नत्र थोडं जास्त किंवा थोडं लवकर लागतं. सात-आठ वर्षांनंतर भरणं आणि सुटणं बरोबरीला यायला लागतं. आमचा शेतकरी तिसऱ्या वर्षी, म्हणजे भरणीच्या ऐन मध्यावर थकला होता.

पट्ट्यांत अजून एक दोष सापडला. जाड काडावर पेरणीयंत्राच्या तबकडीनं काड कापलंच नव्हतं, ते चिरेत दुमडून खाली गेलं होतं आणि बी त्यावर बसलं होतं. दहा ठिकाणी उकरलं, चार ठिकाणी हे दिसलं. असं बी उशिरा उगवतं, काही उगवतच नाही. म्हणून पट्ट्यातला बुटकेपणा सगळाच नत्राच्या खात्यावर टाकता येत नाही.

सखल कोपरा

उत्तरेकडचा एक सखल तुकडा, जेमतेम अर्धा हेक्टर, सर्वांत पिवळा होता. तिथे ढेकूळ फोडलं तर आत निळसर राखाडी डाग आणि कुजका वास. मुळं तपकिरी. तुषारची पाळी झाली की तिथे दोन दिवस पाणी साचतं, असं शेतकऱ्यानं सांगितलं. अशा ठिकाणी अमोनिया हा मोठा चोर नसतो. मातीतल्या पोकळीचा साठ-सत्तर टक्क्यांहून जास्त भाग पाण्यानं भरला की जिवाणूंना प्राणवायू पुरत नाही आणि ते नायट्रेटमधला प्राणवायू वापरायला लागतात. नत्र वायुरूपानं निघून जातं, काही निरुपद्रवी नत्रवायू म्हणून, काही नायट्रस ऑक्साइड म्हणून. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवणारा वायू आहे. शून्य मशागतीत माती वरून बसलेली आणि ओलसर राहते, काडाचा कर्बही वरच असतो. म्हणून निचरा कमी असलेल्या भारी जमिनीत पहिल्या वर्षांत हा धोका नांगरटीपेक्षा जास्त असू शकतो. इथे युरियाची जागा बदलून काही साधत नाही. आधी पाणी हलवावं लागतं.

खाली झिरपणाऱ्या नायट्रेटचाही विचार केला. गांडुळांची बिळं या शेतात भरपूर होती, ती मी मुद्दाम मोजून दाखवली, कारण तीन वर्षांची ती कमाई होती. मोठा पाऊस आला तर वरचं नायट्रेट या बिळांतून थेट खाली जाऊ शकतं. पण या हंगामात तसा पाऊस झालाच नव्हता, म्हणून ती शक्यता सोडून दिली.

दुसरा हप्ता

दीडपट युरियाचा विचार शेतकऱ्यानं बरण्या पाहिल्यावर स्वतःच सोडला. हप्ता ४० किलो नत्राचाच ठेवला, फक्त क्रम उलटा केला. आधी तुषारची पाळी ठरवायची, मग युरिया. पाइप मांडून तयार, काड दुपारच्या उन्हात कोरडं झालेलं, मग युरिया फोकायचा आणि संध्याकाळी तोट्या सुरू. पाणी किती पडतंय हे अंदाजानं नको म्हणून सपाट बुडाचे पाच डबे शेतात ठेवले आणि पट्टीनं मोजलं. डब्यात १५ मिलिमीटर झाले तेव्हा पट्ट्याबाहेर माती बोटभर ओली होती. जाड पट्ट्यात काड ओलं, माती वरवरच. तिथे आणखी तासभर पाणी चालवलं.

शेतकऱ्याच्या आणि माझ्याही समाधानासाठी चार चिंचोळ्या पट्ट्या वेगळ्या ठेवल्या. एकीवर जुनीच पद्धत, सकाळी दवात युरिया आणि पाणी पाच दिवसांनी. दुसरीवर एनबीपीटी हे युरियाचं फुटणं लांबवणारं रसायन लावलेला युरिया, पाणी तसंच पाच दिवसांनी. तिसरीवर वरखत अजिबात नाही. चौथीवर दुप्पट नत्र, लगेच पाण्यासह, म्हणजे गव्हाला कमतरताच नसती तर तो कसा दिसला असता हे कळावं. जुन्या पद्धतीच्या पट्टीवर, एनबीपीटीच्या पट्टीवर आणि लगेच पाणी मिळालेल्या शेतावर पारदर्शक बाटल्या अर्ध्या कापून उपड्या टाकल्या, आत लिटमस. लगेच पाणी मिळालेल्या बाटलीतला कागद तिसऱ्या दिवशीही तांबडा. दवातल्या युरियावरचा दुसऱ्याच दिवशी निळा. एनबीपीटीच्या पट्टीवरचा पाचव्या दिवसापर्यंत बदलला नाही.

एनबीपीटीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण गोंधळ फार आहे. ते युरिएज विकराला काही दिवस, साधारण एक ते दोन आठवडे, रोखून धरतं. तेवढ्यात पाणी मिळालं तर युरिया फुटायच्या आत मातीत जातो. महिनाभर पाणीच आलं नाही तर मुदत संपते आणि पुन्हा तेच सुरू होतं. कडुनिंबाचं तेल लावलेला युरिया ही वेगळी गोष्ट आहे. तो प्रामुख्यानं अमोनियमचं नायट्रेट व्हायचा वेग कमी करतो, म्हणजे पुढच्या टप्प्यावरची गळती. काडावर उघडा पडलेला दाणा त्यानं अमोनिया सोडायचा थांबत नाही. दोन्हींना "सावकाश युरिया" म्हणून एकाच पिशवीत घालू नये. अमोनियम सल्फेट वापरायचा पर्यायही निघाला होता. आम्लधर्मी आणि उदासीन जमिनीत ते युरियापेक्षा खूप कमी उडतं. पण चुनखडीच्या जमिनीत ते चुन्याशी मिळून अमोनियम कार्बोनेटच बनवतं. या शेताच्या मातीवर आम्लाचा थेंब टाकला तेव्हा ती फसफसली, म्हणून तो विचार बाजूला ठेवला.

पंधरा दिवसांनी मुख्य शेत आणि दुप्पट नत्राची पट्टी यांत डोळ्यांना जाणवेल असा थोडाच फरक उरला होता. एनबीपीटीची पट्टी मुख्य शेतासारखी. जुन्या पद्धतीची पट्टी वरखत न दिलेल्या पट्टीपेक्षा बरी होती, पण शेजारून चालताना कुणालाही ओळखू येईल इतकी फिकट. काडाचे पट्टे सर्वांत सावकाश सुधारले. नवलाची गोष्ट, दाणे भरताना त्या पट्ट्यांतला गहू आजूबाजूपेक्षा जास्त दिवस हिरवा राहिला. अडकलेलं नत्र उशिरा सुटायला लागलं असावं, पण पीक मुळातच मागे पडलेलं होतं, त्यामुळे सगळं श्रेय त्याला देता येणार नाही. पहिल्या हप्त्याच्या वेळी जे फुटवे मेले ते काही परत आले नाहीत. उत्पादन शेजाऱ्यापेक्षा कमीच आलं.

पुढचा हंगाम

नांगर निघाला नाही. बदल झाले ते यंत्राच्या बाजूनं आणि सर्वांत स्वस्त बदलानं सर्वांत जास्त काम केलं. हार्वेस्टरवरचं काड पसरवणारं यंत्र दुरुस्त करून घेतलं आणि काड रुंदभर सारखं पडलं. पट्टे उमटलेच नाहीत.

पेरताना द्यायचं नत्र ४० वरून ५० किलोंवर नेलं, कारण भरणीचा काळ अजून संपलेला नव्हता. ते बियापासून दोन-तीन बोटं बाजूला आणि खाली, मातीत सहा-सात सेंटिमीटर खोल. बियाच्या अगदी जवळ युरिया ठेवणं धोक्याचं, फुटताना निघणारा अमोनिया कोंब जाळतो. आणि चीर नीट मिटली पाहिजे. पहिल्या दिवशी माती जरा ओली असताना पेरलं तेव्हा चिरा उघड्या राहिल्या. ओळीत साठवून दिलेल्या युरियाभोवती सामू फोकलेल्यापेक्षाही जास्त चढतो, त्यामुळे उघडी चीर म्हणजे धुराड्यासारखीच. पेरणी थांबवली, वाफसा येऊ दिला आणि दाबचाकावरचं वजन वाढवलं.

एकूण मात्रा १२० वरून ११० किलोंवर आणली. हे शेतकऱ्याला विचित्र वाटलं. पिवळा पडला म्हणून आलो आणि तुम्ही कमी करताय? पण गळती बुजवल्यावर पूर्वीइतकंच ओतत राहिलं तर वाचलेलं नत्र मातीत नायट्रेट होऊन उरतं आणि दुसऱ्या वाटेनं जातं, पाण्याबरोबर खाली किंवा नायट्रस ऑक्साइड होऊन वर. अमोनिया वाचवून तेच नत्र भूजलात घालायचं असेल तर एवढी खटपट कशाला करायची? दुप्पट नत्राची पट्टी याही वर्षी ठेवली आणि दुसरा हप्ता तिच्याशी तुलना करूनच ठरवला.

माती परीक्षणाची पद्धतही बदलली. पूर्वी पंधरा सेंटिमीटरचा एकच नमुना जायचा. शून्य मशागतीत माती ढवळली जात नाही, त्यामुळे वरच्या थरात आणि खाली फरक पडत जातो. अमोनियमयुक्त खत वर्षानुवर्षं वरच पडलं तर वरचा थर हळूहळू आम्लधर्मी होतो आणि एकत्र नमुन्यात ते लपून जातं. आता पहिले पाच सेंटिमीटर वेगळे आणि पाच ते पंधरा वेगळे घेतले जातात. या शेतात चुनखडी असल्यामुळे अजून तसं काही दिसलेलं नाही.

त्या हंगामात बेचाळिसाव्या दिवशी मी पुन्हा गेलो. गहू शेजाऱ्याच्या गव्हासारखाच काळाभोर होता. पाइपाचा तो सांधा कुठे होता हे मला शोधूनही सापडलं नाही. उत्तरेकडचा सखल कोपरा मात्र पिवळाच होता. पाणी काढायची चर खणायची तर शेजाऱ्याच्या बांधातून न्यावी लागते आणि त्याचं बोलणं अजून चालू आहे. तोवर त्या अर्ध्या हेक्टराला वरखत देणं थांबवलं आहे.